तिथी, तारीख आणि गाणे : कल्याणमधल्या एका बौद्ध नववर्षाचे वाचन

कल्याण पूर्वेला कोळसेवाडीत माझ्या एका मित्राचे घर आहे. गेली काही वर्षे ३१ डिसेंबरची रात्र मी तिथे काढतो. घराच्या भिंतीवर दोन दिनदर्शिका शेजारी शेजारी लटकत असतात. एक 'कालनिर्णय', म्हणजे १९७३ पासून मराठी घरातल्या बहुतेक भिंतींवर असते तीच. दुसरी बुद्ध आणि बाबासाहेबांच्या चित्रांची. ही दुसरी दरवर्षी ६ डिसेंबरला दादरहून येते. त्या दिवशी चैत्यभूमीकडे जाणाऱ्या रांगा लागतात, शिवाजी पार्कात पुस्तकांचे गाळे लागतात आणि त्याच गाळ्यांवर पुढच्या वर्षाच्या दिनदर्शिकाही विकायला असतात. म्हणजे या घरात नवे वर्ष प्रवेश करते ते महापरिनिर्वाण दिनी, पुस्तकांच्या पिशवीतून. पंचवीसेक दिवस ते गुंडाळी करून कपाटावर पडून राहते आणि ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी खिळ्यावर चढते.

ही दुसरी दिनदर्शिका, त्या रात्री विहारात गायली जाणारी गाणी आणि आपल्या समीक्षेने या दोहोंकडे केलेला काणाडोळा यांविषयी मला लिहायचे आहे. समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी या समाजावर पुष्कळ लिहिले. एलिनॉर झेलियट आणि गेल ऑम्व्हेट यांची नावे चटकन आठवतात. साहित्याच्या समीक्षकाने मात्र इथले सण वाचायला घेतलेले मला फारसे दिसत नाहीत. आमच्याकडे दलित साहित्य म्हटले की वेदना, नकार आणि विद्रोह ही तीन खुंट्यांची जागा ठरलेली. चौथी खुंटी ठोकायची गरज कुणाला वाटली नाही.

मी स्वतः डोंबिवलीत वाढलो. आमच्याकडे नवे वर्ष म्हणजे पाडवा. गेल्या शतकाच्या अखेरीला गणेश मंदिर संस्थानच्या पुढाकाराने डोंबिवलीत नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली आणि पुढे ठाणे, गिरगाव अशी गावोगाव पसरली. ढोलताशे, नऊवारीतल्या दुचाकीस्वार, चित्ररथ, फडके रोडवरची गर्दी. हे सगळे मी हौसेने पाहिले आहे, एका वर्षी चित्ररथही रंगवला आहे. त्या यात्रेबरोबरच एक वाक्य आमच्या अंगवळणी पडले : आपले नववर्ष पाडव्याला, १ जानेवारी इंग्रजांचे. 'आपले' या शब्दात कोण मोजले जाते, हा प्रश्न मला त्या वयात पडला नाही. पडला तो चाळिशी उलटल्यावर, कोळसेवाडीत, आणि तोही मी विचारलेल्या एका भाबड्या प्रश्नामुळे.

मित्राच्या आईला मी विचारले, "मावशी, तुमचं नवीन वर्ष कोणतं?"

मावशी मूळच्या जुन्नरकडच्या. यजमान रेल्वेत खलाशी होते, म्हणून कल्याण. त्या हसल्या. "कंचं म्हंजी? आमची लई हायेत." मग जरा थांबून म्हणाल्या, "पयलं समदं तिथीवर हुतं. तिथी कवा हाय ते इचाराया भटाच्या दारात जावं लागायचं, अन् त्यो लांबूनच सांगायचा. तारीख शाळंतलं पोरगंबी वाचतंय."

माझ्या या लेखाचे सूत्र मावशींनी त्या दोन वाक्यांत सांगून टाकले होते. पुढे जे लिहितो ते त्याची तपासणी म्हणून.

दुसऱ्या दिनदर्शिकेत लाल शाईने छापलेले दिवस पाहा. १ जानेवारी, कोरेगाव भीमा. २ मार्च, काळाराम मंदिर सत्याग्रह. २० मार्च, चवदार तळे. १४ एप्रिल, जयंती. १४ ऑक्टोबर, धम्मचक्र प्रवर्तन. २६ नोव्हेंबर, संविधान. ६ डिसेंबर. २५ डिसेंबर, मनुस्मृतीचे दहन. यातल्या प्रत्येक चौकटीत माणसाने केलेली एखादी गोष्ट आहे आणि ती केली त्या दिवसाचा पत्ता आहे. ग्रह कुठे होते याची चौकशी तिथे नाही. पंचांगातला सण दरवर्षी 'येतो'. हे दिवस एकदाच घडले. नंतर ते पाळले जातात.

त्यातही १९२७ हे वर्ष विलक्षण आहे. १ जानेवारीला डॉ. आंबेडकर कोरेगावच्या स्तंभापाशी गेले. १९ आणि २० मार्चला महाडची परिषद आणि चवदार तळ्याचे पाणी. ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक. २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन. जानेवारीच्या पहिल्या तारखेपासून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत एकाच वर्षाने पुढच्या सगळ्या वर्षांचा सांगाडा उभा करून दिला. (पंचांग काढून पाहिले तर १९२७ च्या ३ एप्रिलला चैत्र शुद्ध प्रतिपदा होती. आज त्या दिवसाची आठवण काढणारा प्रत्येक जण तारीखच सांगतो. पाडवा होता हे कुणाच्या तोंडून मी ऐकलेले नाही.) १ जानेवारी २०२७ ला त्या वर्षाची शंभरी सुरू होईल.

तिथी सोडण्याचा हा प्रवास १९५६ च्या दीक्षेच्या वेळच्या बावीस प्रतिज्ञांशी जोडून पाहिला पाहिजे. ब्राह्मणाच्या हातून कोणतेही क्रियाकर्म करवून घेणार नाही, अशी त्यांतली एक प्रतिज्ञा आहे. तिचा अर्थ आपण लग्न आणि दहावे-तेरावे यांपुरता घेतो. पण मुहूर्त आणि तिथी सांगणे हेही भटजीचेच काम होते. वेळेवरचा त्याचा ताबा सुटल्याखेरीज ती प्रतिज्ञा पुरी होत नाही. मावशींना हे पुस्तक न वाचता कळले होते, मला पुस्तके वाचून कळले नव्हते.

इथवर सगळे सरळ आहे. अडचण पुढे आहे.

त्या दुसऱ्या दिनदर्शिकेत पौर्णिमाही लाल आहेत. वैशाख पौर्णिमा तर आहेच. शिवाय आषाढी पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होतो, आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' वाचला जातो. ही सगळी तिथीचीच गणना. पौर्णिमा किती वाजता लागते ते बघायला मित्राची बायको शेजारच्या 'कालनिर्णय'कडेच वळते, म्हणून तर दोन्ही भिंतीवर आहेत. सर्वांत मोठा पेच विजयादशमीचा. १४ ऑक्टोबर १९५६ ला दसरा होता. तेव्हापासून त्या एका घटनेचे दोन वाढदिवस झाले : एक तारखेने, एक तिथीने. दीक्षाभूमीवरची मोठी गर्दी 'अशोक विजयादशमी'ला, म्हणजे तिथीला होते. १४ ऑक्टोबर पाळणारेही आहेत, आणि विहारात यावरून दरवर्षी वाद होतो. मी तो ऐकला आहे. एक तरुण म्हणत होता, तिथी धरली तर शमीचे पान दारातून आत येणारच. एका निवृत्त शिक्षकाचे म्हणणे असे की बाबासाहेबांनी तो दिवस निवडला तो दसरा होता हे माहीत असूनच. दोघांचेही खरे आहे. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला आला, म्हणजे अशोक विजयादशमी आणि गांधी जयंती एकाच दिवशी. पुणे करार ज्यांच्या घरात अजून बोलला जातो, त्यांना ती चौकट पाहून काय वाटले असेल ते सांगायला नको.

म्हणून 'तिथी टाकली, तारीख घेतली' असे एका ओळीत म्हणणे खोटे ठरेल. खरे असे की या समाजाने तिथी आणि तारीख एकमेकांशेजारी टांगली आणि त्यांचे भांडण मिटवायची घाई केली नाही.

बुद्धाचा धर्म पाळणाऱ्या इतर देशांत नवे वर्ष कधी, हेही इथे पाहण्यासारखे आहे. श्रीलंका, म्यानमार, थायलंड, कंबोडिया, लाओस या देशांत पारंपरिक वर्षारंभ एप्रिलच्या मध्याला, सूर्य मेष राशीत जातो तेव्हा होतो. साधारण १३-१४ एप्रिल. आपल्याकडचे भिक्खू परदेशातून आलेल्या पाहुण्यांना १४ एप्रिलची मिरवणूक दाखवतात, तेव्हा पाहुण्यांना ती नववर्षाची वाटली तर त्यांचा दोष नाही. तो निव्वळ योगायोग आहे, आणि तो दिवस काही केवळ बौद्धांचा नाही. तमिळ आणि बंगाली वर्षही तेव्हाच बदलते. थायलंडने तर १९४१ पासून अधिकृत वर्षारंभ १ जानेवारीला नेला. जपानच्या देवळांत ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री घंटेचे १०८ टोले पडतात, तेही पाश्चात्त्य दिनदर्शिका स्वीकारल्यानंतरच्या तारखेला. म्हणजे 'खऱ्या बौद्ध' वर्षारंभाचा शोध घेत निघालो तर हाती काही लागत नाही. तिबेटचा लोसार आणखी वेगळा.

मागे गेलो तरी तेच. कान्हेरीच्या लेण्यांतल्या लेखांत कल्याणच्या उपासकांची दाने नोंदलेली आहेत. यज्ञश्री सातकर्णीच्या राजवटीतला एक लेख काळ सांगतो तो असा : राजाचे सोळावे वर्ष, ग्रीष्माचा पहिला पंधरवडा, पाचवा दिवस. दान देणारा कल्याणचा व्यापारी. अठराशे वर्षांपूर्वी कल्याणच्या बौद्ध माणसाला दिवस लिहायला राजा आणि ऋतू पुरेसे होते. आजच्या कल्याणच्या बौद्धाला राजा नको आहे, आणि लोकलच्या वेळापत्रकावर जगणाऱ्याला ऋतूही फारसा उरलेला नाही. त्याला तारीख हवी.

आता त्या रात्रीकडे येतो.

विहार म्हणजे तळमजल्यावरची एक मोठी खोली, समोर पत्र्याची शेड. साडेदहाला वंदना सुरू होते. त्रिशरण, पंचशील. पाचवे शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे, आणि ते ३१ डिसेंबरच्या रात्री म्हटले जाते यात एक गंमत आहे. पूर्वी वंदना १ जानेवारीच्या सकाळी होत असे. विहाराच्या महिला मंडळाने ती आदल्या रात्रीवर आणली. कारण विचारले तर एक बाई म्हणाल्या, "बारा वाजता पोरं डोळ्यासमोर असली म्हंजे झालं." धर्माच्या इतिहासात विधींच्या वेळा बदलल्याची कारणे पुष्कळ दिली जातात, इतके स्वच्छ कारण मी वाचलेले नाही. अर्थात सगळी पोरे डोळ्यासमोर नसतात. पलीकडच्या गल्लीत डीजे लागलेला असतो, त्यावरही भीमगीतेच असतात, ठेका मात्र वेगळा, आणि तिथल्या पाचव्या शीलाविषयी न बोललेले बरे.

वंदनेनंतर गाणी. पेटी, ढोलकी, खंजिरी, मागे तिघांचा कोरस. पावणेबाराला गाणे थांबते, मेणबत्त्या लागतात, बाराला 'जय भीम' आणि 'नवीन वर्षाच्या मंगल कामना' एका दमात म्हटले जातात, खीर वाटतात. साडेबाराला बाहेर बस येऊन उभी राहते. ती कोरेगावला जाते. चादरी, पाण्याच्या बाटल्या, झोपलेली मुले. रात्री निघून पहाटेपर्यंत तिकडे, दिवसभर रांग, परत यायला २ तारीख उजाडते.

मी या गाण्यांविषयी बोलू इच्छितो, कारण साहित्य म्हणून या रात्रीचा तोच ऐवज आहे. भीमराव कर्डकांच्या जलशापासून वामनदादा कर्डकांपर्यंत आणि पुढे प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यापर्यंत या गाण्यांची मोठी परंपरा आहे, तिच्याविषयी लिहिलेही गेले आहे. पण बहुतेक लिहिणाऱ्यांनी गाणे म्हणजे प्रचार, लोकजागृती, विचार तळागाळात नेण्याचे साधन, असे मानले. साधन म्हटले की काम झाल्यावर ते बाजूला ठेवता येते. मला त्या रात्री ऐकताना काही वेगळे दिसले. या गाण्यांत तारीख हा प्रास आहे. ओळ ठिकाणावर आणि सालावर येऊन पडते, कोरस ते साल परत म्हणतो, ढोलकी तिथेच समेवर येते. लहान मुलांना इतिहासाचे साल पाठ नसते. या खोलीतल्या सात-आठ वर्षांच्या मुली मात्र साले अचूक ओरडतात. ओवीत जात्याचा फेरा होता. इथे वर्षाचा फेरा आहे.

यासाठी मी एक हस्तलिखित वाचले, त्याचा उल्लेख करणे जरूर आहे. उल्हासनगरला राहणाऱ्या एका गायकाने आपल्या गायन पार्टीच्या वह्या मला पाहू दिल्या. वय झाले आहे, आवाज गेला आहे. वहीच्या डाव्या पानावर गाणी, उजव्या पानावर कार्यक्रमांची नोंद : तारीख, जागा, सामना असेल तर समोरची पार्टी, बिदागी. त्याच्या वर्षाचा आरंभ १४ एप्रिलला. जयंती तिथून पुढे मे संपेपर्यंत चालते. ठाणे, कळवा, अंबरनाथ, टिटवाळा, शहापूर, एकेका रात्री दोन दोन ठिकाणे. पावसाळ्यात पाने जवळजवळ कोरी, वर्षावासात तुरळक. मग ऑक्टोबरपासून पुन्हा गर्दी. आपल्या जमाखर्चाचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते, या गायकाचे त्यानंतर दोन आठवड्यांनी. "जयंती झाली की वर्षभराचं रेशन भरायचो," तो म्हणाला. ज्याला आपण विद्रोहाचे साहित्य म्हणतो त्याच्या मागे असा एक हंगाम आहे, शेतीसारखा. ही गोष्ट कोणत्याही सौंदर्यशास्त्रात मला सापडली नाही.

सौंदर्यशास्त्राचे नाव निघाले म्हणून. शरणकुमार लिंबाळे यांचे 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) हे या विषयावरचे महत्त्वाचे पुस्तक. साहित्याचे प्रयोजन आनंद, हे मत त्यांनी खोडून काढले. ज्या लेखनात माणसाच्या अपमानाचा वृत्तांत आहे ते वाचून वाचकाने आनंदित व्हावे, ही अपेक्षा निर्लज्ज आहे, असा त्या भूमिकेचा रोख मी समजतो, आणि तो मला पटतो. वाचक अस्वस्थ झाला पाहिजे. पण ही भूमिका मांडली गेली ती कोणाला समोर ठेवून? माझ्यासारख्या बाहेरच्या वाचकाला. तो वाचतो, त्याला लाज वाटते, ठीक. विहारात बसलेल्या माणसाचे काय? तो हे गाणे अस्वस्थ व्हायला ऐकत नाही. तो खूश होतो, टाळ्या देतो, शंभराची नोट पेटीवर ठेवतो. आनंदाला हद्दपार करताना आपण ऐकणाऱ्यांपैकी एकाच गटाचा विचार केला, आणि तो गट दलित नव्हता.

बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) या संदर्भात पुन्हा वाचावे. महारवाड्यातल्या आषाढ महिन्याचे त्यातले वर्णन कुणीही विसरणार नाही. घरे सारवली जातात, बायका न्हातात, एरवी न मिळणारे गोडधोड होते. अंधश्रद्धेवर कोरडे ओढणारी ही लेखिका त्या महिन्याचे सुख नाकारत नाही. सण खोटा होता, सुख खरे होते, हे दोन्ही तिला एकाच पानावर ठेवता येते. दीक्षेनंतर तो आषाढ गेला. पोतराज गेले, रेडा गेला, जायलाच हवे होते. त्या जागी काय आले? माझ्या वाचनातल्या आत्मकथनांत या प्रश्नाला सविस्तर उत्तर मिळत नाही. दया पवारांचे 'बलुतं', उर्मिला पवारांचे 'आयदान' यांत चळवळ आहे, दीक्षा आहे, सभा आहेत. पण नव्या सणाची संध्याकाळ, त्यातला स्वयंपाक, नवे कपडे, कंटाळा, रुसवेफुगवे, हे जुन्या सणांइतक्या तपशिलाने येत नाही. गद्याने हरवलेला आषाढ लिहिला; नवे वर्ष गाण्यावर सोडून दिले.

गाण्यावर सोडून दिल्याचा तोटाही झाला, आणि तो कोरेगावच्या बाबतीत ढळढळीत दिसतो.

स्तंभ नदीच्या अलीकडे, पेरणे गावाच्या हद्दीत आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत कंपनीकडून पडलेल्यांची नावे त्यावर कोरली आहेत. त्यांत शेवटी 'नाक' असलेली नावे महार सैनिकांची. स्तंभ कंपनीने आपल्या पराक्रमासाठी उभारला, हे उघड आहे. पण तो वाचायला महार समाज गेला तो कशासाठी? १९२७ च्या आधी शिवराम जानबा कांबळे यांनी तिथे सभा घेतल्या होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली होती, ती पुन्हा सुरू करा, ही मागणी होती. ती करताना स्तंभावरची नावे पुरावा म्हणून दाखवता येत होती. म्हणजे या दगडाचा या समाजाने केलेला सुरुवातीचा उपयोग अर्जाला जोडलेल्या दाखल्यासारखा होता. तुम्ही आम्हाला बाहेर काढलेत. हे पाहा तुमच्याच हातचे लिहिलेले.

मला हा उपयोग अतिशय बुद्धिमान वाटतो. त्या रात्रीच्या गाण्यांत तो शिल्लक नाही. तिथे पाचशे शूरांनी अठ्ठावीस हजारांना धूळ चारली जाते. स्टॉन्टनच्या तुकडीत सुमारे आठशे माणसे होती, त्यांत महारांबरोबर मराठे, राजपूत, मुसलमान होते, तोफांवर गोरे होते. आणि पेशव्यांचे सगळे सैन्य लढाईत उतरले नव्हते. आकडा फुगवण्याची गरज गाण्याला का पडली? नुसती नावे वाचून दाखवली असती, एका मागून एक, कोरसाने प्रत्येक 'नाक'वर ढोलकी मारली असती, तर त्याहून मोठे गाणे झाले असते. हे मी त्या गायकाला म्हटले. त्याने वहीवरून नजर न काढता सांगितले, "सर, नावं म्हणली की लोक रडत्यात. त्या रातीला रडायचं नसतं." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. तरी माझे मत मी बदललेले नाही.

याच मुद्द्यावर आनंद तेलतुंबडे यांनी जानेवारी २०१८ च्या आरंभी लिहिले होते. कोरेगावची लढाई जातीविरुद्धची लढाई होती हे मिथक आहे, आणि ज्या अस्मितेतून बाहेर पडायचे तीच त्याने घट्ट होते, असा त्यांचा युक्तिवाद. त्या १ जानेवारीला, लढाईच्या दोनशेव्या वर्षी, स्तंभाकडे निघालेल्या लोकांवर हल्ले झाले. ३ जानेवारीला प्रकाश आंबेडकर यांनी पुकारलेला बंद झाला, मध्य रेल्वेवर लोकल अडवल्या गेल्या. कोळसेवाडीची बसही त्या वर्षी गेली होती. ती रात्रभर परतली नाही, फोन लागत नव्हते. मी त्या सुमारास डोंबिवलीत घरात बसून लोकल बंद असल्याबद्दल कुरकुरत होतो, हे इथे लिहून ठेवतो.

पुढे एल्गार परिषदेच्या प्रकरणात अटक झालेल्यांत खुद्द तेलतुंबडे होते. कोरेगावच्या मिथकावर टीका करणारा लेखक कोरेगावच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात आत गेला. ते स्वाधीन झाले तो दिवस १४ एप्रिल २०२०. जामिनावर तळोज्याहून सुटले तो २६ नोव्हेंबर २०२२. दोन्ही चौकटी त्या दुसऱ्या दिनदर्शिकेत आधीपासून लाल होत्या. यात कुणाची योजना होती असे मी म्हणत नाही. तारखांवर जगणाऱ्या समाजाला त्या दोन तारखा कशा वाचता आल्या असतील, एवढेच म्हणतो.

त्यांची टीका इतिहास म्हणून मला मान्य आहे. पण सण इतिहासावर उभा असतो तसा गरजेवरही असतो, आणि ३१ डिसेंबरच्या त्या बसमधल्या गरजेचे उत्तर त्या टीकेत नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात ६५ लाखांहून अधिक बौद्ध आहेत, देशातल्या बौद्धांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त. यांतल्या बहुतेकांच्या आजोबा-पणजोबांना गावच्या सणात एक ठरलेली जागा होती : वाजवणे, ओढणे, उष्टे उचलणे. पाडव्याचा दिवसही त्याला अपवाद नव्हता. त्या जागेवरून उठलेल्या माणसाला वर्षाचा पहिला दिवस असा हवा होता की ज्याचा मान गावकीकडे नाही. १ जानेवारी कोणत्याच देवाचा नव्हता. तो 'इंग्रजांचा' होता, स्तंभही इंग्रजांचा होता. आमच्या यात्रेतल्या घोषणेने ज्याला दोष म्हटले तेच इथे सोयीचे ठरले.

गायकाच्या वह्यांचे काय होणार, हा प्रश्न आहे. त्याची चाळ पुनर्विकासात गेली आहे, नव्या जागेत माळा नाही. दोन वह्यांना वाळवी लागली होती, त्या मुलाने आधीच टाकल्या. उरलेल्या मी छायाचित्रे काढून ठेवल्या. ठाणे जिल्ह्यात अशा किती पार्ट्या होत्या आणि किती माळे गेले, याचा हिशेब कुठल्या विद्यापीठाने ठेवल्याचे मला ठाऊक नाही.

एका वहीतली डिसेंबरची शेवटची नोंद अशी आहे. तारीख ३१. जागा कल्याण पूर्व, विहार. समोरची पार्टी, रेघ. बिदागीच्या रकान्यात 'धम्मदान'. खाली १ जानेवारी लिहून जागेच्या रकान्यात 'कोरेगाव', आणि बिदागीच्या रकान्यात बसचे भाडे, पाच माणसांचे. ढोलकीला वेगळी सीट धरलेली दिसते, कारण पार्टीत माणसे चारच होती.